चार आठवड्यांचा साबण

परवा सकाळी पहिला फोन आला. समोरच्या ब्लॉकमधल्या एक बाई. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "तुझ्याकडे त्या बकरीवालीचा नंबर होता ना गं? आमच्याकडे ताप आहे."

म्हणजे मोसम सुरू झाला.

दिल्लीत या दिवसांना कुणी ऋतू म्हणत नाही. पाऊस परत गेलेला असतो आणि थंडीला अजून पत्ता सापडलेला नसतो. संध्याकाळी खांद्यावर यंत्र घेतलेला माणूस पांढरा धूर सोडत गल्लीतून जातो, मुलं ढगात शिरल्यासारखी किंचाळत त्याच्यामागे धावतात आणि घराघरातले पडदे दोन दिवस डिझेलसारखा वास मारतात. कूलर उपसले जातात. कुंड्यांखालच्या बशा पालथ्या होतात. रामलीलेच्या भोंग्यावरून रावण आमच्या मयूर विहारच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचतो. आणि या सगळ्यावर सातवीण फुलते. गोड, जड, डोक्यात घट्ट बसणारा वास. लोकांना त्या वासाने दिवाळी आठवते. मला ताप आठवतो, आणि गेल्या वर्षापासून कॉस्टिक सोडा.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात होते तेव्हापासून. फी वाढली, पत्रक. मेस बंद झाली, पत्रक. मुनिरक्यात खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींना घरमालकाने आठ वाजता कुलूप लावायला सुरुवात केली, पत्रक. छोटी वाक्यं, मोठा टाइप, आणि पहिल्याच ओळीत दोषी कोण ते. सभ्यतेला जागा उरली तर शेवटी. माझ्या भाषेवर त्याचा परिणाम झाला आहे, हे आई रोज सांगते. "तू जेवायला वाढ म्हणतेस तेही मागणीपत्रासारखं."

तर आता थेट सांगते. या शहरात अकरा महिने बकरी म्हणजे घाण. तिचा वास येतो, ती झाडं खाते, लेंड्या टाकते, गाडीवर पाय ठेवते. बाराव्या महिन्यात घरात कुणाला डेंग्यू झाला की तीच बकरी देवी. मग तिचं दूध शोधत माणसं गाड्या घेऊन यमुनेच्या खादरात, नदीकाठच्या सखल जमिनीत, उतरतात, नाकाला रुमाल लावतात आणि झोपडीसमोर रांगेत उभी राहतात. त्या दुधाने रक्तातल्या पेशी वाढतात म्हणे. माझी आई नोएडातल्या रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर नमुने तपासत आली. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "त्याला काही आधार नाही. डॉक्टर, पाणी आणि आराम." पण गेल्या वर्षी बाबांना ताप आला, तोंडाची चव गेली, कशालाच हात लावेनात, तेव्हा तिनेच मला डोलची देऊन पिटाळलं. "उकळून देईन. चार घोट पोटात गेले तरी खूप झालं."

अशी मला विमला भेटली.

विमलाची झोपडी पुश्त्यापलीकडे, नदीच्या बाजूला. पुश्ता म्हणजे नदीला अडवणारा उंच बांध. अलीकडे आमचे फ्लॅट, पलीकडे भाजीची शेतं, झोपड्या, जनावरं. ती रोज सकाळी बकऱ्यांना घेऊन पुश्ता चढायची आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाबाहेर, सातविणीखाली, उभी राहायची. फाटकापासून झाड सात पावलं. तिथेच दूध काढून द्यायची. सात बकऱ्या होत्या. पुढारी चांदनी, पांढरीशुभ्र, एका कानाला चीर गेलेली. तिचं पिल्लू आमच्या चौकीदाराच्या काठीला ढुशा द्यायचं. मी घरी येऊन म्हटलं, "बकरीचं बच्चू इतकं क्यूट आहे यार!" आई म्हणाली, "करडू म्हणतात त्याला. दिल्लीत वाढवून मी तुझं नुकसान केलं."

विमला आधी गिऱ्हाइकाला हात धुवायला लावायची, मग डोलची घ्यायची. स्वतः तर धुवायचीच. आणि ताप कुणाचा आहे, हे तिने कधी विचारलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी खन्ना अंकल त्याच्या आदल्याच वर्षी तिला हाकलायला आले होते, त्यांच्या आईला ताप आला तेव्हा आठवडाभर दूध तिथेही गेलं. मी चिडले. "इनको क्यों देती हो? कल फिर भगाएँगे." ती चांदनीच्या सडावरून बोटं न काढता म्हणाली, "बुखार वाले घर से हिसाब नहीं करते, बिटिया. भगाएँगे तब देखेंगे."

त्यांनी हाकललंच. दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस लागली. परिसरात अस्वच्छता पसरत असल्याने जनावरं उभी करण्यास व दूध विकण्यास मनाई. फाटक कायमचं बंद करण्याचा ठराव भाऊबीजेनंतरच्या रविवारी सर्वसाधारण सभेत. खाली खन्ना अंकलची सही. त्यांची आई बरी होऊन बाल्कनीत ऊन खात बसलेली, आणि मुलगा खाली ही सही करतो आहे! माझं डोकंच फिरलं. आजही फिरतं.

विमलाने नोटीस माझ्याकडून वाचून घेतली. मग म्हणाली, "गेट बंद हुआ तो सर्दी में तीन बेचनी पड़ेंगी. चारा कहाँ से लाऊँगी." तिने बोट केलं नाही, पण बघत चांदनीकडे होती.

मी पत्रक काढलं. मग दुसरं. मग तिसरं, लाल अक्षरांत. दुसऱ्या मजल्यावरच्या जोगळेकर काकूंकडे गेले, तर त्यांनी माझ्या तिसऱ्या पत्रकावर गरम अनारसे निथळत ठेवले होते. "कागद चांगला आहे हो तुझा," काकू म्हणाल्या. "तेल छान शोषतो."

त्याच आठवड्यात ताप ओसरला, फाटकावर चौकीदार बसला आणि गिऱ्हाइकं आटली. दूध मात्र आटत नसतं. नोटीस लागली म्हणून सड भरायचे थांबत नाहीत; सकाळ-संध्याकाळ काढावंच लागतं. विमला चार-चार लिटर दूध घेऊन बसू लागली. मी ते घरी आणलं. आमचा फ्रिज भरला, जोगळेकर काकूंचा भरला. आणि एका दुपारी मला वाटलं, अरे, साबण! लोक पत्रक वाचत नाहीत, पण साबण रोज हातात घेतात. दिवाळी समोर होती. आमच्या सोसायटीत बावीस मराठी घरं आहेत आणि त्या बावीसही घरांत नरकचतुर्दशीला तेल लावून, उटणं लावून, नव्या साबणाची वडी फोडून आंघोळ होते. चाळीस वर्षं दिल्लीत काढली, मुलं हिंदीत भांडतात, पण ती एक आंघोळ सुटलेली नाही. त्या आंघोळीला विमलाच्या दुधाचा साबण असला, तर रविवारी तिच्याविरुद्ध हात कसा वर करतील?

हिशोब पक्का वाटला. मला नेहमीच वाटतो.

पहिला घाणा मी आईला न विचारता केला. दुधात कॉस्टिक सोडा एकदम ओतला. दूध डोळ्यांदेखत गाजराच्या रंगाचं झालं, मग तपकिरी, आणि असा भपकारा उठला की बाबा तापातून उठल्यासारखे अंथरुणातून उठले. आई कारखान्यातून आली, दारातच थांबली, हुंगलं, आणि म्हणाली, "दूध जाळलंस."

मग तिने शिकवलं. कारखान्यातले जुने चष्मे आणि हातमोजे काढले. खिडक्या सताड उघड्या, बाबा बाहेर. दूध बर्फाच्या साच्यात गोठवायचं, आणि त्या गोठलेल्या खड्यांवर सोडा चमच्याचमच्याने भुरभुरायचा. खडे हळूहळू विरतात, दूध पिवळसर होतं, जळत नाही. स्टीलचंच पातेलं, अॅल्युमिनियमला सोडा खातो. सगळं काट्यावर तोलायचं, "अंदाजे हा शब्द या ओट्यावर बोलायचा नाही." खोबरेल, तिळाचं तेल, थोडं एरंडेल. मग घोटायचं. घोटत राहायचं. रवी उचलली की वरून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ होऊन राहिली पाहिजे, तोवर. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ओतून फ्रिजमध्ये. तिने माझ्यासमोर एक छोटा डबा करून दाखवला, आणि त्या दुधाळ, गुळगुळीत वडीला बोट लावत म्हणाली, "आता चार आठवडे विसर. मग तपासायचं. प्रत्येक वडी."

"चार आठवडे? दिवाळी सोळा दिवसांवर आहे!"

"मग पुढच्या दिवाळीला वाट."

दुसऱ्या दिवशी ती नागपूरला मावशीकडे गेली. मावशीच्या नव्या नातीचं बारसं होतं. ओटा माझ्या ताब्यात आला.

आता जे लिहिते ते लिहायला मला वर्ष लागलं. मी तोललं सगळं, खरंच तोललं. पण घोटताना हात भरून आला. सभेसाठी सह्या गोळा करायच्या होत्या, फोन वाजत होता, आणि मिश्रण दाट दिसत होतं. दिसत होतं एवढंच. रेघ राहिली नव्हती. मी म्हटलं, चलो, होईल फ्रिजमध्ये. ओतलं. बारा दिवसांनी वड्या कापल्या. काहींवर पांढरे ठिपके होते. मला ते सुंदर वाटले, हाताने केलेल्या वस्तूवर असतात तसे. मी वडीवडीला कागद गुंडाळला, त्यावर लिहिलं, 'हे दूध सात पावलांवरून आलं आहे. फाटक उघडं ठेवा.' माझं आजवरचं सर्वांत चांगलं पत्रक. बावीस घरी स्वतः नेऊन दिलं.

आई नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी परतली. बॅग ठेवली, रिकामे डबे पाहिले. "वाटून झाले?" मी हो म्हटलं. तिने बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला आत गेली. तेव्हाच उठून बावीस दारं वाजवायला हवी होती. मी म्हटलं, होईल ठीक.

पहाटे पहिला फोन जोगळेकर काकूंचा. "अगं, ही माझी पाठ आहे की पोळ्यांचा तवा?" मला आधी हसू आलं. दुसरा फोन तिसऱ्या मजल्यावरून, मागे लहान मुलगी रडत होती. तिचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. आईने माझ्या हातातून फोन घेतला. "नळाखाली धरा. भरपूर पाणी. नुसतं पाणी, दुसरं काही लावू नका." मग चप्पल घालून पळाली. डॉक्टरांना दाखवलं, संध्याकाळपर्यंत लाली उतरली. बाकी घरांत कुणाला झोंबलं, कुणाला काहीच झालं नाही. सोडा सगळीकडे सारखा मिसळला नव्हता. ज्याच्या वडीत गाठ आली, त्याला भाजलं. ते पांढरे ठिपके सोड्याचे होते. त्या मुलीने माझ्याशी महिनाभर कट्टी धरली. बरोबर केलं.

फराळ व्हायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर खन्ना अंकलचा मेसेज आला. बकरी के दूध का रिएक्शन. देख लीजिए, इसीलिए नोटिस लगाया था.

खाली हात जोडलेले. अंगठे. आणखी अंगठे.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, मी काय केलं होतं. घाई माझी, गाठी माझ्या, आणि आरोप त्या बाईच्या दुधावर, जी हात धुतल्याशिवाय डोलचीलाही शिवू देत नाही. मी लिहायला बसले, तर बोटं सवयीने खन्ना अंकलचंच नाव शोधत होती. आई मागे उभी होती. म्हणाली, "पहिल्या ओळीत दोषी लिहितेस ना तू? लिही."

चौथं पत्रक सहा ओळींचं झालं. 'साबण मी बिघडवला. नीट घोटला नाही, चार आठवडे ठेवला नाही, तपासला नाही. दूध चांगलं होतं. त्याच दुधाचा आईने केलेला साबण तपासला, तो चांगला आहे. वड्या परत द्या. विमलाचा यात काही संबंध नाही.' मराठीत आणि हिंदीत. दारं वाजवत प्रत्येक घरी गेले. आई शेजारी पिशवी धरून उभी. दिवाळीच्या दिवशी, दाराशी रांगोळी, आत चकल्यांचा वास, आणि मी वापरलेले साबण परत मागते आहे! कुणी पाणी दिलं, कुणी दार अर्धंच उघडलं. खन्नांच्या घरी त्यांच्या आईने दार उघडलं. वाचून म्हणाल्या, "दूध तो बढ़िया था, बेटा." पण त्यांना सभेत मत नव्हतं. फ्लॅट मुलाच्या नावावर.

सभेत मी तीच सहा वाक्यं उभं राहून बोलले. जोगळेकर काकू उठल्या, "भाजली माझी पाठ, आणि मी सांगते, फाटक उघडं ठेवा." लोक हसले. मग हात मोजले. फाटक बंद झालं. सातविणीखाली सिमेंटच्या कुंड्या मांडल्या गेल्या, बकरी उभी राहू नये म्हणून.

साबण नसता, तर जिंकलो असतो का? कुणाला माहीत. या प्रश्नाचं पत्रक होत नाही.

थंडीत विमलाने तीन बकऱ्या विकल्या. चांदनी त्यांत होती. मी माफी मागायला गेले, तेव्हा ती शेकोटीत काड्या सारत होती. "साबुन तूने जलाया," ती म्हणाली. मी मान हलवली. "तो अब ठीक से बनाना सीख." एवढंच. समजूत नाही, राग नाही, काम सांगितल्यासारखं.

परत आलेल्या वड्या फेकायला निघाले, तर आईने अडवलं. किसल्या, थोडं पाणी घालून मंद आचेवर शिजवल्या, गाठी मोडेपर्यंत हलवत राहिली. मग सोडा उरला आहे का ते रंगाने दाखवणारी कागदी पट्टी लावून तपासलं, ठेवून दिलं, महिन्याने पुन्हा तपासलं. तपकिरी, ओबडधोबड ढेकळं झाली, गुळाच्या ढेपेसारखी. दिसायला भिकार, पण साबण उत्तम. एक पिशवी भरून विमलाला दिला. तिच्या हापशाजवळच्या विटेवर त्यातलं एक ढेकूळ कायम असतं.

यंदा मी गणपतीतच घाणा केला. रेघ राहीपर्यंत घोटलं. हात भरला तेव्हा हात बदलला. फोन दुसऱ्या खोलीत होता. चार आठवडे वड्या बाबांच्या पुस्तकांच्या कपाटावर जाळीवर बसून होत्या, आणि मी रोज त्यांच्याखालून जाताना कोऱ्या कागदासारखी अस्वस्थ व्हायचे. घाईला मी आजवर जिद्द म्हणत आले. त्या चार आठवड्यांत मला दोन्ही वेगळ्या दिसू लागल्या.

आणि काल सकाळी खन्ना अंकलचा फोन आला. आवाज पडलेला. "बेटा, पोते को बुखार है. कुछ खा नहीं रहा. वो बकरीवाली... अब कहाँ मिलती है?"

वर्षभर या फोनची मी वाट पाहिली होती. काय बोलायचं ते पाठ होतं. तोंड उघडलं, तर विमलाचं वाक्य आडवं आलं. "डॉक्टर को दिखाया?" मी विचारलं. दाखवलं होतं. "तो डोलची लेकर नीचे आइए. गाड़ी वहाँ नहीं जाती."

पुढच्या फाटकातून बाहेर, पूर्ण सोसायटीला वळसा, रस्ता ओलांडून पुश्ता चढायचा, पलीकडे उतरायचा, मग चिखलातून पायवाट. वरून मेट्रो गेली. अंकल दोनदा थांबले. सत्तरीला आले आहेत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

विमलाने ओळखलं. चेहऱ्यावर काही आणलं नाही. "हाथ धो लो, साहब. फिर डोलची दो."

त्यांनी विटेवरचं ढेकूळ उचललं, मी हापसा मारला. फेस दाट आला. "कौन सा साबुन है ये?"

विमलाने माझ्याकडे पाहिलं.

"वही वाला, अंकल," मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले. तळवे उलटेपालटे करून पाहिले. "लगता तो नहीं."

"अब नहीं लगता. अब ठीक से पका है."

त्यांनी पुन्हा फेस केला आणि मनगटापर्यंत धुतले.

येताना पुश्त्यावर दम खायला थांबले. डोलची दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. "रोज़ इतना घूमकर आना पड़ेगा?"

"गेट से सात कदम था, अंकल."

फाटक उघडण्याचा अर्ज माझ्या झोळीत होता, पेनसुद्धा होतं, आणि मी तो काढला नाही. तापाच्या घरी सही मागायची नाही, हा विमलाचा नियम. सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे, तिथे मागेन. हरले तर पुढच्या वर्षी मागेन. कपाटावर बावीस वड्या आहेत. प्रत्येकीवर घाण्याची तारीख आहे, प्रत्येक आईच्या पट्टीवर उतरली आहे, आणि कुणाच्याही घरी जाण्याआधी प्रत्येकीने माझे हात धुतले आहेत.